घराण्याचा स्वभाव

पांढुर्णा
१२ सप्टेंबर २०२४

प्रतिभाताई,
सप्रेम नमस्कार.

फोन न करता पत्र लिहिते आहे याचं तुम्हाला नवल वाटेल. पण हे बोलणं फोनवर माझ्याच्यानं होत नाही. घर लहान, सासूबाईंचे कान तिखट, आणि हल्ली मी कोणाशीही बोलले की ह्यांचा एकच प्रश्न असतो, "काय सांगून राहिली माह्याबद्दल?" म्हणून शाळेत, मधल्या सुट्टीत बसून लिहिते आहे. तुमचं उत्तरही शाळेच्याच पत्त्यावर पाठवा.

ताई, तुमचे भाऊ बदलले आहेत. आधी मला वाटलं थकवा असेल. पांढुर्णा ते नागपूर, नागपूर ते सौंसर, दिवसभर बस चालवून माणूस थकणारच. पण हे थकणं नाही. सकाळी कपडे करतात, गाडीची किल्ली हातात घेतात आणि दारातच उभे राहतात. कुठे निघालो तेच विसरल्यासारखे. डाव्या पायातली चप्पल मागे राहते आणि हे तसेच पुढे चालत जातात. मागच्या आठवड्यात सोनालीनं काहीतरी विचारलं, तर तिचं पुस्तक त्यांनी अंगणात भिरकावलं. पोरगी रडत आत गेली. थोड्या वेळानं स्वतःच तिला हाक मारून म्हणाले, "जेवली का बेटा?" जसं काही झालंच नाही.

खरं सांगते, माझ्या मनात नको नको ते आलं. दुसरं कोणी आहे की काय म्हणून मी त्यांचे खिसेसुद्धा पाहिले. तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याच्या पुडीशिवाय काही नव्हतं.

सासूबाईंचं म्हणणं आहे की हे सगळं गोटमारीतल्या त्या दगडाचं. लग्नाआधी जाम नदीच्या पात्रात, दोन्ही काठांवरच्या गावांच्या दगडफेकीत ह्यांच्या कपाळावर दगड बसला होता, त्याची खूण आहेच. यंदाही पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सगळं गाव नदीवर लोटलं आणि हे घरात डोकं धरून बसले. शेजारचे म्हणतात, बापावर गेला, घराण्याचा स्वभावच तापट. पण ताई, मी लग्न करून आले तेव्हा हे तापट नव्हते.

तुम्ही त्या मोठ्या मशीनमध्ये माणसांचे मेंदू पाहता. इतक्या जुन्या दगडाचा मार आज असा बाहेर येतो का? तेवढं सांगा. जीव थाऱ्यावर नाही.

तुमची वहिनी,
गायत्री


बंगळुरू
२३ सप्टेंबर २०२४

प्रिय वहिनी,

पत्र मिळालं. चार वेळा उत्तर लिहायला बसले आणि चारही वेळा उठले.

आधी हे सांगते की मी डॉक्टर नाही. माझं शिक्षण भौतिकशास्त्राचं. आमच्या संस्थेत एमआरआय मशीननं मेंदूचा पांढरा भाग पाहतात, त्या कामात मी आहे. मेंदूचा वरचा करडा थर विचार करतो असं म्हणू, आणि आतला पांढरा भाग म्हणजे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी निरोप नेणारे धागे. तुमच्या माहेरी रामाकोन्याच्या संत्राबागेत ठिबकच्या नळ्या आहेत ना? नळी धड असेल तर पाणी नळीच्या दिशेनंच जातं. नळी झिजली की कुठेही पाझरतं. मेंदूतल्या धाग्यांमध्येही पाणी असतं आणि ते कुठल्या दिशेनं सरकतं हे आमचं मशीन मोजतं. निरोगी माणसं आणि आजारी माणसं, दोघांचं मोजतो. धागे कुठे झिजलेत ते त्यावरून कळतं.

दगडाचा मार असू शकतो. पण न पाहता तसं धरून बसू नका. भाऊला नागपूरला नेऊन एमआरआय करा. सोबत सीडी मिळते, ती मला पाठवा. इथल्या मेंदूच्या डॉक्टरांना मी दाखवते.

आणखी दोन गोष्टी विचारून ठेवा. भाऊची डोकेदुखी कशी आहे? दुखायच्या आधी डोळ्यांपुढे काही चमकतं का? आणि बाबांना अर्धांगवायूचा पहिला झटका आला तेव्हा त्यांचं वय काय होतं? मी शाळेत होते, मला नीट आठवत नाही. आईला विचारा, पण सहज विचारल्यासारखं.

आणि वहिनी, तोवर भाऊला बस चालवू देऊ नका. हे मी अगदी हात जोडून सांगते. धागे झिजले की निरोप उशिरा पोचतो. ब्रेकवर पाय जायला उशीर झाला तर काय होईल, ते तुम्हाला लिहायला नको.

तुमची,
प्रतिभा


पांढुर्णा
१४ ऑक्टोबर २०२४

प्रतिभाताई,
सप्रेम नमस्कार.

नागपूरला जाऊन आलो. जायला हे तयारच नव्हते. "मी पागल झालो का?" म्हणून दोन दिवस बोलले नाहीत. शेवटी सोनालीनं त्यांचा हात धरला तेव्हा उठले. मशीनमधून बाहेर आले ते घामानं भिजलेले. म्हणाले, "डोक्यावर कोणी टीन ठोकून राहिलं असं वाटे."

कागदावर लिहिलंय की मेंदूच्या पांढऱ्या भागात बदल दिसतात, वयाच्या मानानं जास्त. डॉक्टरांनी रक्तदाबाच्या गोळ्या दिल्या आणि महिन्याभरानं बोलावलं. मी विचारलं, दगडाचं आहे का? ते म्हणाले, "आत्ताच सांगता येत नाही." सीडी सोबत पाठवते आहे.

घरी आल्यावर सासूबाई ह्यांना जामसावळीच्या मारुतीला घेऊन गेल्या. मी अडवलं नाही. मीही गेले आणि हात जोडले. सध्या मी सगळीकडेच हात जोडते आहे.

तुमच्या प्रश्नांची उत्तरं. डोकेदुखी लग्नाआधीपासून आहे. दुखायच्या आधी डोळ्यांपुढे काचेचे तुकडे नाचतात, मग अर्धं दिसत नाही, मग ओकारी. हे त्याला पित्त म्हणतात. मामंजींना पहिला झटका आला तेव्हा ते पंचेचाळिशीच्याही आत होते. हे सासूबाईंनीच सांगितलं. मग म्हणाल्या, "झटक्याच्या आधीच ते बदलले होते. कायले विचारते आता?" आणि उठून गेल्या.

हे रजेवर आहेत, तुम्ही काळजी करू नका.

तुमची,
गायत्री


बंगळुरू
६ नोव्हेंबर २०२४

प्रिय वहिनी,

दिवाळीत मी फोन केला नाही, त्याचा राग धरू नका. आवाजावरून तुम्हाला काही कळेल अशी भीती वाटली.

सीडी पाहिली. इथल्या डॉक्टरांनीही पाहिली. कपाळावर जिथे दगड लागला त्याच्या आत फारसं काही नाही. मेंदूला मार बसला असता तर त्या जागी, एका बाजूला दिसलं असतं. भाऊच्या मेंदूत दोन्ही बाजूंना, आरशात पाहिल्यासारखे सारखेच ठिपके आहेत. आणि दोन्ही कानशिलांच्या आतल्या टोकाला आहेत. तिथे साध्या रक्तदाबानं सहसा ठिपके येत नाहीत.

डॉक्टरांना शंका आहे ती घराण्यातून येणाऱ्या एका आजाराची. मेंदूतल्या अगदी बारीक रक्तवाहिन्या हळूहळू जाड होतात आणि पांढऱ्या भागाला रक्त कमी पडतं. आधी डोकेदुखी, मग स्वभाव बदलतो, माणूस मंदावतो, चिडतो, मग लहान लहान झटके. रक्ताची तपासणी केली की नक्की कळेल. डॉक्टरांची चिठ्ठी जोडली आहे, ती नागपूरला दाखवा, ते रक्त पाठवण्याची सोय करतील.

हा आजार बरा करणारं औषध आज नाही. हे लपवून मी काय करू? पण पुढचा झटका लांबवता येतो. रक्तदाब ताब्यात ठेवायचा आणि खर्रा आजच बंद करायचा, एक पुडीसुद्धा नाही. तंबाखू आपल्याला विषासारखी आहे.

आईला अजून काही सांगू नका. सोनालीला तर नाहीच. आजार आईवडिलांपैकी एकाला असेल तर मुलांना येण्याची शक्यता निम्मी. लहान मुलांची याची तपासणी करत नाहीत. ती मोठी झाली की तिचं ती ठरवेल.

तुम्ही जेवता का वेळेवर?

प्रतिभा


पांढुर्णा
२१ नोव्हेंबर २०२४

प्रतिभाताई,

आज नमस्कार-चमत्कार काही नाही, सरळ लिहिते.

हे रजेवर आहेत असं मी लिहिलं होतं. ते खरं नव्हतं. घरात बसले की हे भिंतीकडे पाहत राहायचे. बसमालक भैय्याजी निरोप पाठवायचे, दिवाळीची गर्दी आहे, गजेंद्रसारखा ड्रायव्हर दुसरा नाही. आणि बसवर गेले की संध्याकाळी हे थोडे पहिल्यासारखे परत यायचे. मी किल्ली लपवली नाही. दर सकाळी वाटायचं, आज लपवीन.

गेल्या सोमवारी बोरगावच्या जवळ ह्यांनी भरली बस रस्त्याच्या कडेला घेतली आणि बंद केली. कंडक्टर राजू संध्याकाळी घरी येऊन सांगून गेला. लोक ओरडले, काय झालं, डिझेल संपलं का? राजू पुढे गेला तर ह्यांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर आणि नजर खाली, पायांकडे. म्हणाले, "राजू, ब्रेक कोणता अन् क्लच कोणता, मले समजून नाही राहिलं." मग खाली उतरले. किल्ली राजूच्या हातात दिली. "दुसऱ्याले बोलाव. मी नाही चालवत आता." लोक मागच्या गाडीत बसून गेले. हे तिथंच मैलाच्या दगडावर बसून राहिले आणि राजू त्यांच्यासोबत.

ताई, त्या बसमध्ये माझ्या शाळेतल्या दोन मुली होत्या. दुसऱ्या दिवशी वर्गात त्या मला "नमस्ते मॅडम" म्हणाल्या आणि मला फळ्याकडे तोंड करावं लागलं.

रात्री मी ह्यांना तुमचं पत्र वाचून दाखवलं. सगळं. मधे एकदाही थांबवलं नाही त्यांनी. शेवटी खर्ऱ्याची पुडी काढून चुलीत टाकली. रक्तही देऊन आलो.

आता एक विचारते. तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. "तंबाखू आपल्याला विषासारखी आहे" असं तुम्ही लिहिलंय. ह्यांना नाही, आपल्याला. आणि डोळ्यांपुढे काही चमकतं का, हे मी काही सांगायच्या आधीच तुम्ही विचारलं होतं.

ताई, तुमचं डोकं दुखतं का?

गायत्री


बंगळुरू
२ डिसेंबर २०२४

वहिनी,

हो, दुखतं. कॉलेजपासून.

तीन वर्षांपूर्वी आमचं काम सुरू झालं तेव्हा निरोगी माणसं हवी होती, म्हणून आम्ही सगळेच मशीनमध्ये झोपलो होतो. माझं चित्र इतकं स्वच्छ आलं की आमचे सर ते भाषणांत दाखवायचे, निरोगी पांढरा भाग असा दिसतो म्हणून. भाऊची सीडी पाहिली त्याच आठवड्यात मी परत झोपून पाहिलं. कानशिलांच्या आत, दोन्हीकडे, लहान ठिपके आहेत. सरांनी मला समोर बसवून सांगितलं की आता तुझं चित्र निरोगी गटात ठेवता येणार नाही. बरोबरच आहे, मीही तेच केलं असतं. पण खोलीवर आले आणि काही सुचेना. भांडी घासली, परत घासली.

मीही रक्त दिलं आहे. भाऊला आणि आईला सांगू नका. तुमच्यावर आधीच पुष्कळ आहे.

प्रतिभा


पांढुर्णा
१५ डिसेंबर

प्रतिभा,

तुह्या वहिनीनं मले सांगतलं. तू नको सांगू म्हणली तरी सांगतलं. तिच्यावर रागावू नको. मले लिहाले टाइम लागते. हे पत्र दोन दिवसांपासून लिहून राहिलो. एक शबद लिहिला का दुसरा कुठं जाते मालूम नाही पडत.

तू म्हणते तुमच्याकडे मोजतात. मंग माहंही मोजा. बरं होत नाही हे मले समजलं. तरी मोजा. पुढं कोणाले तरी कामी येईन. माह्या पोरीले येईन.

दुसरं, रिपोर्ट आला तर एकटी उघडू नको. मी येऊन राहिलो. राजू सोबत येते गाडीत, तो मले चुकू देत नाही. लहानपणी तू रामाकोन्याच्या जत्रेत हरपली होती तं मीच शोधली होती ना. तसाच येतो.

आईले सांगतलं का तुले पाहाले जातो. बाकी काही नाही.

तुहा भाऊ
गजेंद्र


बंगळुरू
२० जानेवारी २०२५

प्रिय वहिनी,

भाऊ काल संध्याकाळच्या गाडीनं निघाला, हे पत्र मिळेल तोवर पोचलाही असेल. तरी लिहिते, कारण घरी आल्यावर तो काय सांगेल आणि काय विसरेल, हे मला माहीत नाही.

आमच्या मशीनमध्ये नुसतं पडून राहावं लागतं, हललं की चित्र बिघडतं. नागपूरच्या मशीनमधून जो घामानं भिजून बाहेर आला होता तो इथे कसा पडून राहील याची मला धास्ती होती. तो झोपी गेला, वहिनी. त्या सगळ्या ठोकाठोकीत घोरत होता. बाहेर काचेपलीकडे बसून मी पडद्यावर त्याचे धागे पाहत होते. कुठे दाट, कुठे विरलेले. रोज असलीच चित्रं पाहते, आकडे लिहिते, चहा पिते. त्या दिवशी मला आकडे लिहिता आले नाहीत. दुसऱ्या मुलीनं लिहिले.

दोघांचेही रिपोर्ट आले आहेत. दोघांनाही आहे. डॉक्टरांच्या खोलीत भाऊनं माझा कागद माझ्या आधी हातात घेतला. त्याला त्यातलं इंग्रजी कळलं नाही, पण माझ्या चेहऱ्याकडे पाहून कळलं. बाहेर आल्यावर मला म्हणाला, "चाल, काही खाऊ. भुकेल्या पोटी नको विचार करू."

इडलीच्या दुकानात बसलो. त्यानं इडली मोडून तशीच ठेवली. मग विचारलं, "बाबालेही हेच होतं?"

मी म्हटलं, "नक्की सांगायला आता काही पुरावा नाही. पण झटक्यांचं वय, डोकेदुखी, बदललेला स्वभाव, सगळं जुळतं. आपल्या दोघांकडे आईकडून आलं असतं तर आईला एव्हाना त्रास झाला असता. डॉक्टरांनाही बाबांकडूनच वाटतं."

"मतलब ते ताट फेकत होते, आईले घालून पाडून बोलत होते, ते..."

"हो, भाऊ."

त्यानं डोळे पुसले आणि राजूला म्हणाला, "चटणी तिखट आहे बे." मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "आईले हे मी सांगीन. तू नाही."

मी कशी आहे, असं तुम्ही विचाराल. चालते आहे. काम सोडलेलं नाही. सर म्हणाले सुट्टी घे, मी नाही घेतली. आता मी आजारी गटात आहे, दरवर्षी मशीनमध्ये झोपेन आणि माझेच ठिपके मोजेन. कधी कधी मनात येतं, पळून जावं कुठेतरी. पण कुठे जाणार? डोकं सोबतच येणार.

होळीला घरी येते.

तुमची,
प्रतिभा


पांढुर्णा
१६ फेब्रुवारी २०२५

प्रतिभाताई,
सप्रेम नमस्कार.

हे येऊन बरेच दिवस झाले. आईंना सांगायचं तर रोज उद्यावर जात होतं. परवा दुपारी आई अंगणात वाल सोलत बसल्या होत्या. हे त्यांच्यासमोर जाऊन जमिनीवर बसले. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते.

हे अडखळत अडखळत बोलले. मधेच शब्द सापडत नव्हता तेव्हा आई थांबून राहत. स्वतःचं सांगितलं, तुमचंही सांगितलं. तुमचं ऐकून आईंच्या हातातला वाल खाली पडला. मग म्हणाले, "आई, बाबालेही हेच होतं असं डॉक्टर म्हणतात. डोक्यातलं होतं ते. त्यांच्या हातात नव्हतं."

आईंनी वाल बाजूला सारले. मग विचारलं, "मंग ते माह्यावर चिडत नव्हते?"

"नाही आई."

"मले वाटे माह्यापासूनच काही चुकलं. काय चुकलं ते कधी सांगतलं नाही त्यायनं. मी विचारून विचारून थकली."

मामंजी गेले तेव्हा आईंच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं, असं गल्लीतल्या बाया अजून बोलतात. परवा त्या ह्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडल्या. ज्या माणसाला जाऊन इतकी वर्षं झाली, त्याच्यासाठी. मी पाणी घेऊन गेले तर हातानंच मला थांब म्हणाल्या.

तुम्ही नको म्हणाला होतात, पण घरात सगळ्यांना कळल्यावर लपवणं जमेना, म्हणून सोनालीला आम्ही दोघांनी मिळून सांगितलं. घाबरली. मग विचारलं, "आत्या किती वर्षांची होती तिला कळलं तेव्हा?" मी सांगितलं. म्हणाली, "मग मला आताच तपासणी नको. मोठी झाल्यावर विचारीन." त्या दिवसापासून ती ह्यांच्या गोळ्या काढून देते, आणि हे निमूट घेतात. भैय्याजींनी ह्यांना सौंसरच्या बसस्टँडवर तिकिटांच्या टेबलाशी बसवलं आहे. गाड्यांची नावं मोठ्यानं पुकारतात. चुकलं तर प्रवासीच सुधारतात, आणि हे हसतात.

तुम्हाला वाटेल वहिनी आता शांत झाली. नाही झाले. काल रात्री जेवताना ह्यांनी ताट ढकलून दिलं. भाजी भिंतीपर्यंत उडाली. आजार आहे हे मला पाठ झालं आहे, तरी राग आला. इतका आला की मी बाहेर ओट्यावर जाऊन उभी राहिले. आई आल्या. माझा हात धरून उभ्या राहिल्या. मग मी आत गेले, भिंत पुसली आणि दुसरं ताट वाढून ह्यांच्याशेजारी जेवायला बसले.

होळीला नक्की या. नागपूरहून पुढे एकट्या येऊ नका, हे राजूसोबत तिथे घ्यायला येणार आहेत.

तुमची वहिनी,
गायत्री